काळ्या रंगाच्या दोन डब्या

आमच्या ग्रंथालयाच्या कार्यकारिणीला वाचनाचा सोस कधीच नव्हता. सोस होता तो कार्यक्रमांचा. शाल, श्रीफळ, समई, फोटो आणि शेवटी बटाटेवडा. पुस्तकं नुसती निमित्ताला लागायची. नव्वद सालाच्या आसपासची ही गोष्ट, डोंबिवली पूर्वेची. मी तेव्हा तिथे काउंटरवर बसायचे, पुस्तकं द्यायचे-घ्यायचे आणि वर्षाच्या शेवटी वार्षिक अहवाल लिहायचे.

त्या वर्षी आफ्रिकेतला एक म्हातारा नेता कित्येक वर्षांच्या तुरुंगवासातून सुटला. पेपरांत रोज त्याचे फोटो येत होते. आमचे अध्यक्ष ठाण्याच्या कोर्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना एकदम कल्पना सुचली. ‘कृष्णवर्णीय साहित्य सप्ताह’ करायचा. मला मनापासून आनंद झाला, हे लिहितानासुद्धा आज लाज वाटते.

अशी पुस्तकं आमच्याकडे होती तरी किती? चार-पाच इंग्रजी आणि तीन मराठी अनुवाद, कोपऱ्यातल्या कपाटात सगळ्यात खाली. मी ती काढली, पुसली आणि मागची तारखांची चिठ्ठी पाहिली. प्रत्येक चिठ्ठीवर एकच सभासद क्रमांक होता. काही पुस्तकांवर तर दोनदा, तीनदा.

तो क्रमांक कुणाचा ते मला पाठ होतं. खाडीकडच्या कोळीवाड्यातली मुलगी, बारावीला. आई बाजारात मासळी विकायची. मुलगी सावळी नव्हे, चांगली काळी, आणि वाचायला अशी हावरी की दर दोन दिवसांनी दारात हजर. तिने परत केलेली पुस्तकं लगेच कपाटात लावायची नाहीत, अशी आमच्या ग्रंथपालबाईंची पद्धत होती. "वास लागतो गं बाकीच्यांना," म्हणायच्या, आणि मी ती पुस्तकं खिडकीत उन्हाला ठेवायचे. दिवसभर. रोज. एकदा चोरून हुंगून पाहिलं. रॉकेलचा वास होता, दिव्याखाली वाचल्याचा. तरीही दुसऱ्या दिवशी मी पुस्तकं खिडकीतच ठेवली. नोकरी होती ना.

सप्ताहात तिने यातल्या एका पुस्तकाचं परीक्षण वाचावं, असं मीच सुचवलं. अध्यक्ष म्हणाले, "हरकत नाही, शेवटच्या दिवशी दहा मिनिटं देऊ." मी तिला काउंटरवर तसा शब्द दिला. तिने लगेच हो म्हटलं नाही.

"मना जमल का, ताई? येवऱ्या लोकांफुरं?"

"तुझ्याशिवाय वाचलंयच कुणी ते? तूच बोलायचं."

पंधरा दिवस ती खपली. एका कृष्णवर्णीय बाईने आपल्या लहानपणाविषयी लिहिलेलं पुस्तक तिने निवडलं होतं. त्यातली मुलगी गावच्या ग्रंथालयाबाहेर उभी राहून आतले लोक काय वाचत असतील याचा विचार करायची. आमच्याकडे दुपारी सामसूम असायची, तेव्हा तिने मला ते परीक्षण वाचून दाखवलं. फुलस्केपचे सहा कागद, एकही खाडाखोड नाही. शेवटी लिहिलं होतं की मला निदान आत यायला मिळतं. मी मान खाली घालून शिक्के मारत बसले, कारण मागे खिडकीत तिचं कालचं पुस्तक ऊन खात पडलं होतं.

मग सप्ताहात चिटणीसांच्या सौभाग्यवती शिरल्या. नुसती भाषणं रुक्ष होतात, मुलांची वेशभूषा स्पर्धा ठेवू या, म्हणाल्या. कुणी गुलाम, कुणी कापूस वेचणारी बाई, कुणी मुष्टियोद्धा. हौशी नाटकांचा मेकअपवाला बोलावला. शेवटच्या दिवशी तो काळ्या रंगाच्या दोन डब्या घेऊन आला आणि ग्रंथालयाच्या वाचन टेबलांवर आमच्या सभासदांची गोरी, गुबगुबीत पोरं ओळीने बसवून त्यांना रंगवायला लागला. ओठ लाल. केसांना कुरळे टोप. गळ्यात खेळण्यातल्या साखळ्या. आया कौतुकाने खिदळत होत्या, कॅमेरे चमकत होते. एकीला काळजी, की रंग राहिला तर? दुसरी म्हणाली, साय आणि बेसन लाव, लख्ख निघतो. अध्यक्षांचा पाच वर्षांचा नातू आरशात पाहून भोकाड पसरून रडायला लागला. त्याची आई समजूत काढत होती, "अरे राजा, घरी गेलं की तू परत गोरा गोरा!"

मला तिथे शिसारी यायला हवी होती. खरं सांगायचं तर आली नाही. माझी धावपळ चालली होती, पुष्पगुच्छ कुठे, समईचं तेल कुठे. शिसारी आली ती मागाहून, आणि आली ती गेली नाही.

तेवढ्यात ती मुलगी आली. निळी साडी, बहुधा आईची, वेणीत अबोली, हातात ते सहा कागद. मेकअपवाल्याला वाटलं, हीपण रंगायला आलीय. त्याने ब्रश हातात धरून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हिला काय लागत नाय. देवाने डायरेक्ट फिनिशिंग करून पाठवलीय!"

सगळे हसले. चिटणीसांच्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या. ग्रंथपालबाई हसल्या. मीही हसले.

अगदी खदखदून नाही. पण हसले. सगळे हसतात तेव्हा तोंड आपोआप हलतं, तसं. तिने एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

कार्यक्रम सुरू झाला. प्रमुख पाहुणे अमेरिकेत मुलाकडे तीन महिने राहून आलेले. कृष्णवर्णीयांवर बोलायला एवढी पात्रता पुरली. दीड तास बोलले. "त्या वस्तीतून जाताना आम्ही गाडीच्या काचा वर करायचो," असंही मोठ्या ऐटीत सांगितलं, आणि सभागृहातली शहाणीसुरती माणसं माना डोलवत होती. मी अध्यक्षांना चिठ्ठी दिली, परीक्षण राहिलंय म्हणून. त्यांनी वाचली, पाण्याच्या ग्लासाखाली ठेवली आणि बक्षिसं पुकारायला लावली. पहिलं बक्षीस गुलामाला. मग राष्ट्रगीत. सावधान उभी असताना मी भिंतीकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

नंतर मी अध्यक्षांना विचारलं, अहवालात काय लिहू? ते म्हणाले, "वाचलं म्हणून लिहा की. खालच्या समाजालाही वाव दिला, हे दिसायला हवं. अनुदानाच्या वेळी बरं पडतं." मी लिहिलं: अमुक यांनी केलेल्या अभ्यासपूर्ण परीक्षणास श्रोत्यांनी उत्स्फूर्त दाद दिली. ‘उत्स्फूर्त’ हा शब्द माझा, अध्यक्षांनी सांगितलेला नव्हे.

अहवाल छापून आला. मुखपृष्ठाच्या आत, खाली बारीक अक्षरांत, संकलन म्हणून माझं नाव होतं. आयुष्यात पहिल्यांदा छापलेलं.

महिन्याभराने ती पुस्तक परत करायला आली. काउंटरवर अहवालांचा गठ्ठा होता. तिने सवयीने एक उचलला आणि उभ्या उभ्या वाचला.

"ताई, मी तं वाचलाच नाय. ह्या खोडा."

"अगं, छापून झालंय आता. राहू दे. तुझं नाव आलंय चांगलं."

"नाय, खोडा."

मी हललेच नाही. तेव्हा तिने माझ्या पुढ्यातलं पेन घेतलं, गठ्ठा उचलला आणि वाचन टेबलावर बसली. त्याच टेबलावर, ज्याच्या कडेला अजून काळ्या रंगाचे डाग होते. एकेक अहवाल उघडायची, पान काढायची, ती ओळ नीट, सरळ रेघ मारून खोडायची आणि मिटून बाजूला ठेवायची. तासभर तरी लागला असेल. ग्रंथपालबाई जेवायला गेल्या होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "त्या मेकअपवाल्याचं मनावर घेऊ नकोस गं. अडाणी माणूस."

तिने मान वर केली नाही.

"त्याचा मना काय नाय वाटला. तुमी पन हासलाव."

तिने शेवटची प्रत मिटली, पेनाला टोपण लावलं, ते मला परत दिलं आणि विचारलं, "झाल्या सगल्या? अजून कुटं हायेत?"

"झाल्या," मी म्हटलं.

एक माझ्या पर्समध्ये होती. घरी दाखवायला ठेवली होती, माझं नाव आलं होतं म्हणून.