उसाचा रस आणि अप्पांचा अंगठा

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी., विषय रसायनशास्त्र. नांदेडच्या एका शाळेत मी आता तोच विषय शिकवते. पण गावाकडं उदगीरच्या बाजूला माझ्या पदवीला विषय नाही. तिथं मी सगळ्याच कागदांची जाणकार. सातबारा आला, मोबाइलवर बँकेचा मेसेज आला, खताच्या पोत्यावर काही बारीक छापलेलं असलं, की अप्पा, माझे वडील, म्हणतात, "बाईला फोन लाव." आणि मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी अव्वाचा, म्हणजे आईचा, फोन आला. "अप्पाचा अंगठा सुजलाय. काही चावलं म्हणावं तर दात दिसंना. पांघरूण टेकलं तरी वरडतेत."

मी रजा टाकून गेले. उजव्या पायाचा अंगठा पिकल्या टोमॅटोसारखा लाल आणि वर तकाकी. एवढा मोठा माणूस, बैल अंगावर आला तरी न हलणारा, पाय उशीवर ठेवून माशीला सुद्धा हाकलत होता, अंगठ्यावर बसेल म्हणून.

लातूरच्या डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, "अप्पा, मटण किती वेळा? दारू किती?"

अप्पांच्या गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. आमच्याकडं अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. अप्पांनी डॉक्टरकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, चल उठ. दुसरा दवाखाना बघू."

डॉक्टर हसले, माफी मागितली, रक्त घ्यायला सांगितलं. रिपोर्टात युरिक अ‍ॅसिड आठच्या वर आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातल्या चरबीचा एक प्रकार, तीनशेच्या घरात. डॉक्टर म्हणाले, "याला गाऊट म्हणतात. युरिक अ‍ॅसिडचे खडे सांध्यात बसतात. आणि ही चरबी नि हे अ‍ॅसिड बऱ्याचदा जोडीनं येतात. वजन उतरवा, तेलकट कमी करा, पाणी भरपूर प्या." मग दुखण्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर रांग मोठी होती. जोडीनं का येतात, हे विचारायचं माझ्या ओठावर होतं. पण रसायनशास्त्राची पदवीधर, डॉक्टरला असं काय विचारायचं, म्हणून गप्प बसले. चूक झाली ती तिथं.

गावात तोवर बातमी पोचली होती. पारावर चुलत्यांनी अप्पांना गाठलंच.

"काय दादा, ह्यो म्हणं मटणवाल्यांचा रोग. चोरून कुठं बसता, आम्हाला बी सांगा की."

"तुझ्याच घरी बसतो," अप्पा म्हणाले. "तू झोपल्यावर."

हसले सगळे, पण अप्पांना ते लागलं. त्यांना खरी फिकीर वेगळीच होती, येळवसची. येळवस म्हणजे आमची वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभी करतात, पूजा होते, आणि घरातला कर्ता माणूस आंबिलीचं मडकं घेऊन अनवाणी शेताला फेरा मारत पिकावर आंबील शिंपतो. त्याला चर शिंपणं म्हणतात. शिंपताना तो एक आरोळी देतो. तिचा अर्थ कुणालाच ठाऊक नाही, पण ती शेजारच्या शेतापर्यंत गेली पाहिजे. आजोबा गेल्यापासून अप्पांचा हा फेरा एकदाही चुकला नव्हता. "पाय न्हाई टेकला तर चर कोण शिंपणार?" त्यांनी मला एकटीला विचारलं. मला भाऊ नाही. चुलते शिंपायला तयार होते, जरा जास्तच तयार होते, आणि अप्पांना तेच नको होतं.

मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही शिंपणार. माझ्यावर सोडा."

वहीचं पान फाडून मी चुलीजवळच्या भिंतीला डकवलं. डाळ बंद, कारण युरिक अ‍ॅसिड प्रथिनवाल्या पदार्थातून येतं असं कुठंतरी वाचलं होतं. तूर, हरभरा, वाटाणा, सगळं बंद. चरबीसाठी फोडणी बंद. येळवसची भज्जी म्हणजे सगळी कडधान्यं आणि पालेभाज्या एकत्र घोटलेली, तर तीही बंद. गव्हाची खीर चालेल, तिच्यात कुठं डाळ आहे? आणि पाणी भरपूर.

"साधं पाणी पिऊन पिऊन किती पिऊ?" अप्पा म्हणाले. "पोटात डबडब वाजून राहिलंय."

गुऱ्हाळं नुकतीच लागली होती. आमच्याकडं लहानपणापासून ऐकलेलं असतं की उसाच्या रसानं लघवी साफ होते. मी विचार केला, अ‍ॅसिड लघवीवाटेच जातं, रसात तेल नाही, डाळ नाही, मटण तर नाहीच. पानावर शेवटी लिहिलं : उसाचा रस, चार गिलास. खाली सही केली. सही कशाला केली, देव जाणे.

अप्पांनी माझा हुकूम पाळला तसा दवाखान्याचाही कधी पाळला नव्हता. ज्याच्या शेतात तूर पिकते तो माणूस कोरडी भाकर मिरचीच्या ठेच्याशी खात होता आणि वर रस पीत होता. अव्वा फोनवर म्हणायची, "बाई, वरणावाचून जेवण म्हणजे काय जेवण? लई बेजार झालेत." मी म्हणायची, "अव्वा, हे शास्त्र आहे."

अंगठा उतरला. मी शाळेत दोन बाईंना ही गोष्ट सांगितली, जरा फुगवूनच.

येळवस दहा दिवसांवर आली आणि अंगठा पुन्हा पेटला. या वेळी घोट्यासकट.

लातूरला पुन्हा रक्त दिलं. युरिक अ‍ॅसिड मागच्यापेक्षा वर. ट्रायग्लिसराइड तर कितीतरी वर. रिपोर्ट हातात घेऊन मी बाकड्यावर बसले आणि आकडे खालून वर, वरून खाली वाचले. तेल बंद केलेल्या माणसाच्या रक्तात चरबी वाढते कशी? डाळ बंद केलेल्या माणसाचं हे अ‍ॅसिड येतं कुठून? मला वाटलं नमुना बदलला असेल.

डॉक्टरांनी विचारलं, "अप्पा, रोज काय खाता, काय पिता, सगळं सांगा."

अप्पांनी सांगितलं. चार गिलासावर आले तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"रोज चार? एवढी साखर? अहो, अशी साखर जास्त झाली की यकृत तिची चरबी करतं, ती रक्तात उतरते. आणि त्याच कामात युरिक अ‍ॅसिडही तयार होतं. डाळीनं एवढं काही होत नाही. हा रस कुणी सांगितला तुम्हाला?"

भिंतीवरचं ते पान माझ्या डोळ्यांसमोर आलं, सहीसकट.

अप्पा म्हणाले, "कुणी न्हाई. माझ्याच मनानं. जीभ चटावली."

"ही शिकलेली मुलगी घरात असून?"

"ती नांदेडला असती. तिला मालूम न्हाई."

दारूच्या नुसत्या संशयावर उठून चाललेला हा माणूस, आता चटावलेली जीभ स्वतःच्या नावावर लिहून घेत होता. मी तोंड उघडलं. अप्पांनी माझ्याकडं न बघता गुडघ्यावरचा हात जरासा हलवला. थांब म्हणून. आणि मी थांबले. अजून मला कळत नाही, थांबले ते त्यांचं ऐकून की माझी अब्रू वाचली म्हणून.

तेवढं एक विचारलं मात्र. "डॉक्टर, चरबीमुळं अ‍ॅसिड वाढतं, की अ‍ॅसिडमुळं चरबी?"

"सरळ तसं नाही सांगता येत, ताई. पोट सुटलेलं, साखर जास्त, मूत्रपिंड हळू, घराण्यात असणं, असं सगळं मिळून दोन्ही वाढतं. अमुक आधी, तमुक नंतर असं प्रत्येकाच्या बाबतीत नाही."

मी मान हलवली. समजलं असं नव्हतं. त्यांनी अ‍ॅसिड उतरवायची दुसरी एक गोळी लिहिली, ती सूज गेल्यावर चालू करायची.

घरी येऊन मी पान भिंतीवरून काढलं आणि नवं लिहिलं. अव्वानं मोठ्यानं वाचायला लावलं. डाळ चालेल. थोडी फोडणी चालेल. रस बंद, गूळ बंद, चहात साखर नाही. खीर बंद.

"म्हंजी परवापर्यंत भज्जी जहर हुती आणि खीर औषध," अव्वा म्हणाली. "आता उलटं. उद्या काय सांगशील माय?"

मी पान पुन्हा भिंतीला डकवलं. सही मात्र केली नाही.

येळवसला सूज ओसरली होती, पण अप्पा लंगडत होते. कोपीपुढं पूजा झाली. चुलते बाजूलाच उभे, बाह्या सरसावून.

"दादा, द्या मडकं. तुमचा पाय न्हाई चालायचा."

अप्पांनी मडकं उचललं, दोन पावलं टाकली. ढेकळावर अंगठा आपटला आणि तोंड वाकडं झालं. सगळे बघत होते. त्यांनी चप्पल मागितली. चर शिंपताना पायात चप्पल मी कधी बघितली नव्हती, कुणाच्याच. चप्पल घातली आणि मडकं माझ्या हातात दिलं.

"बाईनं शिंपायचं व्हय?" चुलते म्हणाले.

"शिंपल ती. आरोळी मी देतो. तू भज्जी वाढायला घे."

मी अनवाणी पुढं, ते मागं. हरभऱ्याची ओली पानं पायाला लागत होती, आंबील हातावर सांडत होती. बांधाजवळ जरा एकटे झाल्यावर मी विचारलं, "डॉक्टरपुढं खोटं कामून बोलले अप्पा?"

"खोटं कुठं? गिलास माझ्याच तोंडाला लावला मी."

"सांगितलं तर मी होतं."

"हाव. मग?" ते जरा थांबले, पाय उचलून अंगठा हलवून बघितला. "सोमवारी ती दुसरी गोळी चालू करायची ना? किती वाजता घ्यायची म्हणाले डॉक्टर?"

मला नीट आठवत नव्हतं. पहिल्यांदाच मी त्यांना तसं सांगितलं. "नक्की माहीत नाही अप्पा. फोन करून विचारते."

"विचार," ते म्हणाले. मग मान वर करून आरोळी दिली. ती शेजारच्या शेतापर्यंत गेली, तिकडूनही एक आली. "चल पुढं," अप्पा म्हणाले, "भज्जी गार होईल."