तव्यावरची मिश्री

शेजारून तंबाखूची मिश्री भाजल्याचा वास आला की अजून माझा हात खिडकी लावायला जातो. एकदा घोटीच्या शाळेत तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होती. "डॉक्टरीणबाई तोंडात बघणार हाय, दात सोच्छ नको का?" म्हणत आईने निघताना ताजी मिश्री दोनदा घासली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या गालाच्या आत बॅटरी मारली, कापसाने पांढरा चट्टा पुसून पाहिला. तो निघेना. "याचा तुकडा काढून तपासायला पाठवू," म्हणत त्यांनी चिठ्ठी लिहिली. रिपोर्ट येईपर्यंत आईने मिश्रीच्या डबीला हात लावला नाही, आणि मी तिच्याकडे मान वर करून बघितलं नाही. कॅन्सर नव्हता. आईची मिश्री तेव्हापासून सुटली. मला मात्र तो वास सोडत नाही, कारण त्या सकाळी तिची मिश्री भाजायला तवा मीच तापवला होता.