मागच्या चाकाचा हुंकारा

बाबा गेले आणि आईचं बोलणं थांबलं. हाव, नाई, पुरे, बस्स, एवढंच. आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला कोणीतरी 'हूं' म्हणत हुंकारा द्यावा लागतो, नाहीतर सांगणारा तिथंच थांबतो. आईच्या दिवसभराच्या गोष्टींना जन्मभर बाबांनीच हुंकारा दिला होता.

मग बाबांच्या जुन्या गाडीचं मागचं चाक घुमायला लागलं.

दर आठवड्याला मी आईला नाचणगावहून वर्ध्याला दवाखान्यात नेतो. ती मागच्या सीटवर, डाव्या बाजूला बसते. एका सकाळी देवळीच्या अलीकडे तिच्या सीटखालून आवाज आला. हूंऽऽ. वेग कमी केला की विरायचा, रस्ता उजवीकडे वळला की वाढायचा. मी चरफडतोय, तेवढ्यात बाहेरच्या कपाशीकडे पाहत मागून आई म्हणाली, "पऱ्हाटी यंदा बरी हाय न?"

हूंऽऽ.

"मले वाटलंच."

भर उन्हात अंगावर काटा आला, बापा! "आई, कोणाशी बोलून राह्यली तू?"

"तुह्या बाबाशी. तू समोर पाह्य."

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. घरी येऊन टायर मागचे पुढे केले. आवाज जागचा हलला नाही. चालत्या गाडीत न्यूट्रल टाकलं, तरी तोच. म्हणजे टायरही नाही, इंजिनही नाही. शेवटी जॅक लावून मागचं डावं चाक हातानं फिरवलं आणि दुसरा हात आतल्या स्प्रिंगवर ठेवला. बोटांना बारीक खरखर लागली. बेअरिंग गेलं होतं. घ्या, संपलं भूत! पण तसंच चालवलं तर चाक एक दिवस जाम होणार, नाहीतर निखळणार, आणि आई नेमकी त्याच्यावर बसलेली.

"बदलू नको," आई म्हणाली. "माह्यं आयकणारं तेवढंच उरलं हाय."

असा राग आला मला! राग कसला, रडूच आलं. पुढच्या काही खेपा मी गाडी तशीच हाकली, जीव मुठीत धरून. घरात मुकी असलेली आई गाडीत वर्ध्यापर्यंत बोलायची, आणि हुंकारा बरोबर जागेवर यायचा. एकदा तिनं विचारलं, "मले न्याले कधी येता?"

रस्ता सरळ होता. तरी चाक घुमलं, लांबलचक. त्याच दुपारी मी पुलगावात बेअरिंग बदलून घेतलं.

पुढच्या खेपेला गाडी गुपचूप धावत होती. "जावयाचा फोन आलता," आई म्हणाली आणि थांबली. रस्ता उजवीकडे वळला. काहीच नाही. आरशात तिचा चेहरा उतरत गेला. आता ही कायमची गप्प होणार, हे मला दिसत होतं. आणि माझ्याच घशातून निघालं, "हूंऽऽ."

हुबेहूब बाबांचा आवाज.

आईनं मान वर केली नाही. "आज पुढं बसले वाटते," म्हणाली, आणि जावयाचं पुढे सांगू लागली.