बांधावरच्या चपला
केळीच्या वाडीतल्या ओल्या चिखलाचा वास आला की मला तो रविवार आठवतो. अर्धांगवायूनंतर बाबांचं उजवं पाऊल फरफटायचं, आणि माझं तर कामच विजेच्या हलक्या झटक्यांनी स्नायू हलवणारी बिनवायरची यंत्रं बनवायचं. त्यांच्यासाठी मी जीव ओतून एक बनवलं होतं. टाच उचलली की चपलेतला सेन्सर नडगीवरच्या पट्टीला इशारा द्यायचा आणि पाऊल वर यायचं. घरात झकास चाललं. पण वटार गावातल्या आमच्या वाडीत शिरताना बाबांनी सवयीने चपला बांधावर काढल्या आणि पुन्हा पाय ओढत निघाले. सोबत आलेली माझ्या ऑफिसातली मैत्रीण नुसती बघत होती. पुढच्या रविवारी ती स्वतः बनवलेली पट्टी घेऊन आली, सेन्सर पट्टीतच बसवलेला. बाबा अनवाणी, चिखलातून थेट पाटापर्यंत गेले. "पोरी, आता केळींना पानी मीच लावीन," ते तिला म्हणाले. इतक्या मायेने माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी टाळ्या वाजवल्या, पण आतून नुसता जळत होतो. वाडीत वाढलो मी, आणि बाबांचे अनवाणी पाय दिसले तिला! आजही संध्याकाळी बाबा ती चिखलाने माखलेली पट्टी चार्जिंगसाठी माझ्याकडेच देतात आणि वर बजावतात, "नीट पूस हां, पोरीने दिलीय."