तायडीच्या ताब्यातलं कोठार

तायडीचं दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक इस्त्री आणि दुरुस्तीला आलेल्या कपड्यांचा ढीग. जॅकेटची चेन बदलण्यात तिचा हात धरणारं त्या रस्त्यावर कुणी नव्हतं. आई लवकर गेली, तेव्हापासून धाकट्या भावाला तिनंच वाढवलं. तो नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला आणि फोनवरचं बोलणं 'जेवलास का' आणि 'हो' यावर येऊन ठेपलं. मग सुट्टीला आला तेव्हा त्यानंच तिच्या मोबाइलवर गाव वसवायचा खेळ घालून दिला. गाव दोघांचं. तो बांधकाम बघणार, ती कोठार सांभाळणार.

"सोपं आहे गं तायडे. माणसं आपली आपण जेवतात."

जेवतात कसली, फस्त करतात! पहिल्याच हिवाळ्यात त्या गावकऱ्यांनी बियाणंसुद्धा खाऊन टाकलं, बांधकामाच्या फळ्या शेकोटीत घातल्या. वसंतात पेरायला दाणा उरला नाही आणि गाव ओस पडलं. भाऊ हसला. तायडीच्या मात्र जिव्हारी लागलं.

नवं गाव मांडल्यावर तिनं कोठाराचं पान नीट बघितलं. प्रत्येक वस्तूपुढे बटण होतं: वापरू द्यायची की राखून ठेवायची. तिनं बियाणं राखलं, फळ्या राखल्या, सुकवलेले मासे मागे ठेवले. नासणारी फळं आणि भाज्या आधी मोकळ्या केल्या. जळणाला फक्त वाळक्या फांद्या.

गावकऱ्यांच्या डोक्यावर रुसके चेहरे दिसू लागले. एक कुटुंब तर गाव सोडून गेलं.

"उपाशी मारतेस काय त्यांना? उघड ना कोठार!" भाऊ फोनवर ओरडला.

"उपाशी कुणी नाही. तेच तेच खाऊन कंटाळलेत."

"कंजूष!"

"असू दे."

म्हणाली खरी, पण शिवताना ते गेलेलं कुटुंब डोळ्यांपुढून हलेना. शेवटी तिनं थोडा मध मोकळा केला. चेहरे जरा खुलले.

ऐन हिवाळ्यात वेशीवर परक्या माणसांचा घोळका येऊन थांबला. आत घ्यायचं का, असं खेळ विचारत होता. भावाचा लगेच फोन.

"नको म्हण. इतक्या तोंडांना पुरणार नाही."

"पुरेल. मासे आहेत की."

"आणि जळण?"

"फळ्या जाळू."

"माझ्या मनोऱ्यासाठी ठेवलेल्या?"

"मनोरा नंतर बांधशील रे. माणसं गारठतील."

 मग तो म्हणाला, "जाळ."

माशांचा साठा तळाला गेला, फळ्या संपल्या, पण बियाण्याचं बटण तिनं हलवलं नाही. बर्फ वितळलं तेव्हा सगळे जिवंत होते आणि नव्या-जुन्या माणसांनी मिळून सगळी शेतं पेरली.

"ऑफिसात सगळ्यांना आपलं गाव दाखवलं," भाऊ म्हणाला. "म्हटलं, कोठार माझ्या बहिणीनं चालवलंय." मग थोडं थांबून त्यानं विचारलं, "तायडे, लहानपणी आपल्याकडे काही कमी पडल्याचं मला आठवतच नाही. पडत होतं का?"

"पडायचं की. तुला कळू दिलं नाही."

 पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. तेवढ्यात दुकानात कोट घेऊन एक बाई आल्या. तायडीनं कोट बाजूला ठेवला आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

"आधी हे बघा. आमचं गाव!"