ओ मामा, या जेवायला

इंग्लंडला निघताना पप्पांनी मला पैशांबद्दल, थंडीबद्दल किंवा मुलांबद्दल काहीच सांगितलं नाही. म्हणाले, "येळवस कर. आणि एका तरी माणसाला हाक मारून जेवू घाल."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या. त्या दिवशी सगळं लातूर शेतात असतं. बाजारपेठ बंद, रस्ते ओस, आमच्या इंग्रजी शाळेलाही सुट्टी द्यावीच लागे, कारण स्कूलबसचे ड्रायव्हर सकाळीच गावाकडे गेलेले असत. शेतात कडब्याची खोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करून पिकावर आंबील शिंपडायची आणि मग शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर. आमचं शेत औसा रोडला लागून. तिथला आमच्या घरचा नियम असा, की रस्त्यानं जाणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाला हाक मारून जेवायला बसवल्याशिवाय घरच्यांनी ताट घ्यायचं नाही.

हाक मारायचं काम मुलांचं. मी त्या वेळी खोपीत लपायचे. रस्त्यानं शाळेतलं कुणी गेलं आणि मी बांधावर उभी राहून ओरडताना दिसले तर? शाळेत 'माय फेव्हरेट फेस्टिव्हल' या निबंधात मी दरवर्षी ख्रिसमस लिहायचे. केकसकट.

दुष्काळाच्या वर्षी मात्र लपायला जागा नव्हती. लातुरात नळाला पाणी नव्हतं, म्हणून मला नांदेडला मामाकडे शिकायला ठेवलं होतं. येळवशीला मी एसटीनं आले, मांडीवर भज्जीच्या भाजीची पिशवी घेऊन, कारण आमच्या शेतात हिरवं पानसुद्धा नव्हतं. पप्पांनी उघड्या ढेकळांत खोप उभी केली. आजोबा, जे सगळा काळ 'जिल्हा व्हायच्या आधी' आणि 'जिल्हा झाल्यावर' असा मोजत, म्हणाले, "जिल्हा झाला त्या सालीबी एवढं कोरडं न्हवतं." तेवढ्यात रस्त्यावर पाण्याचा टँकर दिसला. पप्पांनी मला बांधावर ढकललं. "मार हाक!"

मी म्हटलं, "मामा."

ते मलाही नीट ऐकू आलं नाही. टँकर गेला. नंतर तासभर रस्त्याला कुत्रंही फिरकलं नाही आणि आम्ही थंडगार भज्जीसमोर बसून राहिलो. शेवटी पप्पा चालत जाऊन चौकातल्या पंक्चरवाल्याला घेऊन आले. तेव्हापासून घरात कुणी हळू बोललं की आई म्हणते, "टँकर गेला बघ."

तर इंग्लंडमध्ये तीन महिने मी टँकर जाऊ देत होते. आम्ही तिघी एका घरात राहायचो. एक कराचीची, एक सुदानची. दोघी स्वयंपाकघरात गप्पा मारत जेवायच्या आणि मी ताट घेऊन खोलीत जायचे. गाव कुठलं विचारलं तर 'मुंबईजवळ' सांगायचे. लातूर मुंबईजवळ आहे, हे लातूरकरांना कळलं तर फार बरं वाटेल.

माझं बिंग आंबिलीनं फोडलं. येळवस चार दिवसांवर आली, म्हणून ज्वारीचं पीठ ताकात भिजवून मी पातेलं हीटरशेजारी ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी वास जिन्यापर्यंत आला. कराचीवाली दारात उभी राहिली.

"सच बता, ये शराब है ना?"

"नक्को डर. ज्वारी का आटा है. ताक में."

"नक्को? ये कौनसी उर्दू है?"

"नांदेड की," मी म्हणाले. मुंबईजवळचा पत्ता तिथंच संपला.

तिची खात्री पटेना. मग सुदानवालीनं न विचारता पातेल्यात बोट बुडवून चाखलं आणि डॉक्टरांच्या थाटात सांगितलं, "नशा नाही. माझी आजी असंच ज्वारीचं पीठ आंबवून पातळ भाकरी करते. पण हे अजून कच्चं आहे. एक दिवस ठेव."

मी येळवस समजावून सांगितली. शेत लागतं म्हणाले, तर सुदानवालीच्या मावशीकडे शेतही निघालं. नगरपालिका भाड्यानं देते तसला, आमच्या अंगणाएवढा तुकडा, शेजारी तसलेच तीस. डिसेंबरात त्यात कोबी आणि कांद्याच्या मोठ्या पातीसारखं दिसणारं काहीतरी उभं होतं. मक्याची वाळलेली धाटं बांधून मावशींनी अशी खोप केली की पप्पांनी त्यांना मजुरीवर ठेवलं असतं. चुना नव्हता, म्हणून पाच पांडवांना मैद्याची पेस्ट लावली. भज्जी आणि उंडे आम्ही घरूनच करून नेले होते.

"पूजा तू कर," कराचीवाली म्हणाली. "ओरडायचं काही असेल तर मी आहे. बूट काढायचे का?"

"तुम्ही नका काढू."

"शुक्र है!"

मी एकटीनं बूट काढले. बर्फासारख्या चिखलात पाय ठेवून मी इतकी भराभर पूजा केली की पांडवांनाही कळलं नसेल. मग आंबील शिंपडत 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत शेताला फेरी मारायची. अर्थ विचारला तर मला सांगता येईना. अर्थाशिवायही दोघी माझ्यापेक्षा खणखणीत ओरडत होत्या. मावशी मागून सांगत होत्या, "कोबीवर जास्त टाका!"

फेरी संपायला आणि पप्पांचा व्हिडिओ कॉल यायला एकच गाठ पडली.

"खोप झ्याक हाय. हाक मारली का?"

"या तिघी आहेत ना."

"त्या घरच्या. भायेरचं कोण?"

हाकेच्या अंतरावर बाहेरचं एकच माणूस होतं. शेजारच्या तुकड्यातले म्हातारे गृहस्थ. ते फाटक्या कोटात ढकलगाडी घेऊन फाटकाकडे निघाले होते. फाटक बंद झालं की संपलं. कराचीवालीनं तोंड उघडलं, पण मावशींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. घरच्या मुलीनं हाक मारायची, हे त्यांना मी दोनदा सांगितलं होतं. उगाच सांगितलं.

इंग्रजीत कसं बोलवायचं याचा मी विचार केला. 'एक्स्क्यूज मी'नं सुरू होणारी तीन वाक्यं तयार केली. ते फाटकापाशी पोचले.

"ओ मामा! या जेवायला!"

आवाज माझाच होता. म्हातारे थांबले, वळले, परत आले. फोनमध्ये आई म्हणाली, "अगं बाई!" मी घाईघाईनं आंबिलीचा मग त्यांच्या हातात दिला. त्यांनी हुंगला, समजल्यासारखी मान डोलावली, फार आभार मानले आणि आपल्या तुकड्यात जाऊन तो सगळा कोबीवर ओतला. आम्हाला शिंपडताना पाहिलं होतं ना त्यांनी.

"काय केलं त्यानं?" पप्पांनी विचारलं.

"कोबीला घातली."

"मग जेवला कुठं? तुझ्या घरच्या सगळ्या ताटाविना बसल्यात, बाळा."

म्हातारे रिकामा मग खाली ठेवून पुन्हा ढकलगाडीकडे वळले होते. मी अनवाणीच बांधावर चढले आणि हातानं प्यायची खूण करत सगळ्या तीसही तुकड्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "अहो मामा, ते प्यायचं होतं!"

ते आले. त्यांच्या मागून, काय प्यायचं होतं ते बघायला, आणखी पाच जण आले. भज्जी सहाव्या ताटाला संपली. मला दोन उंडे आणि पातेल्याच्या तळची आंबील मिळाली, आणि ती खरंच एक दिवस जास्त ठेवल्यामुळे चांगली झाली होती.