महादेवीबाईंनी दिलेली नोकरी

लातूरच्या गंजगोलाईत महादेवीबाईंचं मॅचिंग सेंटर आहे. साडी दाखवली की त्या ब्लाऊजपीस काढून देतात आणि वर दोन शब्दही ऐकवतात. "हा रंग कुणी घ्यायला लावला? नवऱ्यानं? मग बराबर हाय." बायका नाक मुरडतात आणि पुढच्या साडीला परत त्यांच्याकडेच येतात. नवरा शिवप्पा गल्ल्यावर बसून ऐकलं न ऐकलं करतो. बाईंनी कशाला चांगलं म्हटलेलं गोलाईत कुणाच्या कानावर नाही.

एकुलता एक सोमेश बँकेतली नोकरी सोडून फ्रान्सला मॅनेजमेंट शिकायला निघाला, तेव्हा त्या म्हणाल्या, "जा बाबा. तिकडं तुझीच वाट बघून राहिलेत."

पहिल्याच आठवड्यात व्हिडिओ कॉलवर त्याच्या हातात पिवळं रबरी बदक दिसलं. नव्या पोरांनी ते वर्गात, जेवणात, सगळीकडं जवळ बाळगायचं. विसरलं तर टेबलावर चढून गाणं म्हणायचं. कॉलेजची जुनी प्रथाच होती तशी.

"एवढा घोडा झालास," महादेवीबाई म्हणाल्या. "तुझ्या वयाच्या लोकांची लेकरं बदक खेळून राहिलीत."

"अव्वा, मजा असती. ओळखी होतात."

"बदकाच्या?"

मग देशांचे आठवडे आले. दर आठवड्याला एका देशाच्या पोरांनी बाकीच्यांना आपलं खाऊ घालायचं, आपले कपडे घालून नाचवायचं. भारताच्या पाळीला सोमेशनं फेट्यांसाठी कापड मागवलं. बाईंनी दुकानातला मेलेला जांभळा रंग काढला. तो गोलाईत कुणी फुकट नेला नसता. पुढं सोमेशनं फोटो पाठवले. कॉलेजचे डायरेक्टर जांभळा फेटा बांधून, एक पाय वर करून नाचत होते. बाईंनी ते गिऱ्हाइकांना दाखवले. "बघा, आपल्याकडं पोतेऱ्याला गेलं असतं. तिकडं साहेबाच्या डोक्यावर गेलं."

पदवीदान आलं. शिवप्पाला दुकान सोडवेना, म्हणून महादेवीबाई एकट्याच गेल्या. इरकली साडी नेसून, खाली सोमेशनं घेतलेले पांढरे बूट घालून. आदल्या दिवशी दुपारी कॉलेजच्या अंगणातल्या मोठ्या कारंज्याभोवती सगळे जमले. पोरं एकेकाला उचलत, अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात टाकत आणि आरडाओरडा करत.

बाईंना खुर्ची मिळाली होती. शेजारी सोमेशच्या वर्गातली एक ब्राझीलची पोरगी होती. तिला त्या सरळ मराठीत म्हणाल्या, "आमच्या गावाला रेल्वेनं पाणी आलं होतं. ठाव हाय का? आन् तुम्ही इस्त्रीचे कपडे भिजवून राहिलात." पोरगी हसून मान डोलवत राहिली. "हसतीया बघा. शिक्षण कुठं गेलं हिचं?"

मग त्यांना सोमेश दिसला. बाजूला एका झाडाखाली उभा होता. हातात दुसऱ्यांचे बूट, खिशात दुसऱ्यांचे फोन, खांद्यावर कुणाकुणाचे कोट.

त्या उठून त्याच्यापाशी गेल्या. "हमाली करायला आलास का इथं? तू का कोरडा?"

सोमेश बुटांकडं बघत राहिला. "अव्वा, ज्याला नोकरी लागली त्यालाच टाकतात."

"आन् फोनवर तर म्हणालास, बोलणी चालू हायत."

"होती. न्हाई झालं."

तेवढ्यात एक ओला पोरगा धावत आला, सोमेशच्या हातावर आणखी एक बूट ठेवून गेला आणि जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून गेला. नोकरी नसलेल्याला मारतात तशी थाप होती ती. बाईंना ती समजायला भाषा लागली नाही.

त्यांनी लेकाच्या हातातले बूट घेतले आणि गवतावर फेकले. कोट काढले, फोन काढून मागोमाग आलेल्या ब्राझीलच्या पोरीच्या ओंजळीत ओतले. त्याचं मनगट धरून त्याला कारंज्यापाशी नेलं आणि दोन्ही हातांनी ढकललं.

सोमेश उताणा पडला.

"अव्वा!" तो पाण्यातून उठत ओरडला. "येड लागलं का? नोकरी लागलेल्यांना टाकतात म्हणलं ना!"

"लागली की तुला. दुकानात. गेल्याबरोबर हजर व्हायचं."

ब्राझीलच्या पोरीनं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. बाई त्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "आता टाळ्या! मघाशी बूट राखायला लावताना हात कुठं गेले होते?" पोरांना वाटलं, म्हातारी आभार मानतेय. टाळ्या वाढल्या.

सोमेश दुसऱ्या दिवशी पदवी घेईपर्यंत आईशी धड बोलला नाही. पण परत आल्यावर तो खरंच दुकानात बसला. त्यानं ब्लाऊजपीसांची मांडणी बदलली, तर बाईंनी दुपारच्या चहापर्यंत ती परत फिरवली. गिऱ्हाइकाला तो गोड बोले. बायकांना ते पटेना, त्या मुद्दाम त्याच्या आईसमोर उभ्या राहत. पावसाळा संपेतो दोघं मायलेक रोज भांडली आणि रोज एका ताटात जेवली.

पुढं धर्माबादच्या एका मिरची व्यापाऱ्यानं परदेशात माल पाठवायच्या कामाला त्याला घेतलं. सोमेश आता नांदेडला राहतो, तिथून जातो-येतो. कुणा गिऱ्हाइकानं विचारलं तर महादेवीबाई कापड फाडता फाडता सांगतात, "फ्रान्सला जाऊन शिकला आन् धर्माबादला मिरच्या मोजून राहिला. तिकडची पोरं अजून एकमेकांना पाण्यात टाकत असतील. तुझा काठ हिरवा हाय, बाई, मग पोपटी कशाला मागतीस?"